रागिणींचे माहेर

नरकचतुर्दशीच्या पहाटे, अजून चांगला काळोख असताना, आई अंगावरचे पांघरूण ओढी आणि पाटावर बसवून उटणे लावी. त्या वेळी आमच्या मनात जे विचार येत ते या मंगल अंकात लिहिण्याजोगे नाहीत. नागपूरची थंडी नुकती कुठे पडू लागलेली असे. त्यातच शेजारच्या वाड्यातला एक कोंबडा आईच्या बाजूने साक्ष द्यावी तसा आरवत असे. त्या कोंबड्याला एकदा चांगला धडा शिकवायचा, असा आम्हा भावंडांचा दरवर्षीचा बेत होता. तो कधी तडीस गेला नाही.

पुढे पुष्कळ वर्षांनी एका पुस्तकात विभास रागाचे जुने चित्र पाहिले आणि मी जागच्या जागी हसू लागलो. माडीवर पलंग आहे, पलंगावर एक स्त्री आहे, आणि तिचा प्रियकर हातात धनुष्यबाण घेऊन नेम धरीत आहे. नेम कशावर? तर आरवणाऱ्या कोंबड्यावर! पहाट झाल्याची दवंडी त्याने पिटू नये, रात्र आणखी थोडी लांबावी, एवढ्यासाठी हा सारा पराक्रम. विभास हा पहाटेचा राग. त्याचे स्वर, त्याचे आरोह-अवरोह मला गायनमास्तरांनी शिकविले होते; पण पहाट नकोशी वाटणे हाही त्या रागाचा एक भाग आहे, हे मला त्या चितार्‍याने शिकविले.

अशा चित्रांच्या संचाला रागमाला म्हणतात. संगीतातील एकेका रागाचे एकेक चित्र, आणि साधारणपणे छत्तीस चित्रांची एक माला. सहा राग हे पुरुष, आणि प्रत्येकाच्या पाच पाच रागिणी या त्यांच्या भार्या. भैरव, मालकंस, हिंडोल, दीपक, श्री आणि मेघ ही सहा कर्त्या पुरुषांची नावे पुष्कळांनी मानली आहेत. काही ग्रंथकारांना एवढ्याने समाधान झाले नाही. रेवा येथील मेषकर्ण नावाच्या पंडिताने १५७० च्या सुमारास जी रागमाला लिहिली तीत प्रत्येक रागाला पाच भार्या आणि आठ पुत्र दिले. सहा, तीस आणि अठ्ठेचाळीस मिळून चौऱ्याऐंशी माणसांचे हे खटले झाले. दिवाळीत इतक्या पाहुण्यांचा फराळ करावा लागणाऱ्या गृहिणींनी त्याची कल्पना करावी.

या कुटुंबातली माणसे मात्र एकमेकांसारखी मुळीच नाहीत. तोडी रानात वीणा घेऊन उभी आहे आणि हरणे तिच्याभोवती गोळा झाली आहेत. भैरवी तळ्याकाठच्या देवळात शिवलिंगाची पूजा करीत आहे. आसावरी रानातली, शबरांची मुलगी. ती डोंगरावर बसली आहे आणि चंदनाच्या झाडावरचे नाग उतरून तिच्याकडे येत आहेत. ललितमध्ये नायक पहाटे निजलेल्या नायिकेला सोडून निघाला आहे आणि निघता निघता मागे वळून पाहतो आहे. मेघात पावसाळी ढगांखाली नाच चालला आहे. आणि देशाख? देशाखच्या चित्रात प्रेमाचे नावही नाही. तिथे मल्ल आहेत. कोणी दंड-जोर करतो आहे, तर कोणी उभ्या खांबावर चढला आहे. आपल्याकडील कोणत्याही तालमीतल्या पोराला ते चित्र दाखवा, तो तत्काळ म्हणेल, हा तर आमचा मल्लखांब!

ही सारी चित्रे मी मोठ्या हौसेने माझ्या विद्यार्थ्यांना दाखवीत असे. नागपुरातल्या एका महाविद्यालयात मी इतिहास शिकवीत होतो. १८६३ साली स्थापन झालेले आमचे मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे नागपूरकरांचा अजब बंगला, हे आमच्या वर्गाचे दरवर्षीचे तीर्थक्षेत्र. तिथून परत आलो की मी वर्गात रागमालेच्या छापील प्रती टेबलावर मांडीत असे. तीसेक वर्षांपूर्वी अशाच एका तासाला हिंगणघाटाहून रोज रेल्वेने येणारी एक मुलगी उभी राहिली. ती फारशी बोलणाऱ्यांपैकी नव्हती. तिने विचारले, "सर, ही मेवाडची, ही बुंदीची, ही पहाडातली. आपल्याकडे कोणी अशी चित्रं काढली नाहीत का?"

मी म्हणालो, "आपल्या लोकांच्या हातात तलवार होती, बाई. कुंचला धरायला सवड कुठून मिळणार?"

वर्ग हसला. मलाही माझे वाक्य बरे वाटले. ती मुलगी खाली बसली.

हे वाक्य मी पुढे आणखी दोन-तीन वर्षे वापरले. शिक्षकाच्या तोंडी एकदा टाळीचे वाक्य बसले की ते खरे आहे की खोटे, हे तपासण्याची त्याला गरज वाटेनाशी होते. ते वाक्य किती खोटे होते हे मला हळूहळू कळत गेले. आज जो हा लेख लिहीत आहे तो त्या मुलीच्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर म्हणून.

पहिला धक्का दिला तो मेवाडनेच. सन-संवत आणि चित्रकाराचे नाव असलेल्या ज्या जुन्या रागमाला आज उपलब्ध आहेत त्यांत चावंडच्या रागमालेचा मान मोठा आहे. ती १६०५ साली नसीरुद्दीन नावाच्या चित्रकाराने रंगविली. आता हे चावंड म्हणजे काय? चितोड हातचे गेल्यानंतर महाराणा प्रतापाने डोंगरात जी राजधानी केली ते हे गाव. प्रताप १५९७ मध्ये वारला आणि त्याचा मुलगा अमरसिंह १६१५ पर्यंत मोगलांशी झुंजत राहिला. म्हणजे ही चित्रे काढली गेली ती ऐन लढाईच्या धामधुमीत, डोंगरातल्या आडगावी. तलवार हाती असताना कुंचल्याला सवड मिळत नाही, हा माझा सिद्धांत तिथेच कोसळला.

मग मी आपल्या घरात शोधू लागलो. चित्रांच्या आधी शब्द शोधावे लागतात, याचे कारण सांगितले पाहिजे. पुष्कळांची अशी समजूत असते, आणि माझीही होती, की चित्रकार गाणे ऐकत बसे आणि त्याच्या मनात जे रूप उभे राही ते कागदावर उतरवी. तसे क्वचितच घडले असेल. चित्रकारासमोर असे ते ध्यान, म्हणजे रागाच्या मूर्तीचे वर्णन करणारा श्लोक किंवा दोहा. देवतेची पूजा करण्यापूर्वी तिचे ध्यान म्हणावे, तसे गायकाने राग आळविण्यापूर्वी त्याचे ध्यान करावे, अशी ही कल्पना. पंडिताने श्लोक रचावा, चित्रकाराने तो रंगवावा, आणि चित्राच्या माथ्यावर तो श्लोक लिहावा. स्वरापासून चित्रापर्यंतची वाट अशी शब्दांच्या गावावरून जाते.

आणि त्या वाटेवर आमची मुद्दल काही कमी नाही. रागाला देवता द्यावी, रस द्यावा, ऋतू आणि प्रहर नेमून द्यावा, ही व्यवस्था ज्या ग्रंथात नीट बांधलेली दिसते तो शार्ङ्गदेवाचा 'संगीतरत्नाकर' तेराव्या शतकात देवगिरीला, सिंघण यादवाच्या आश्रयाने लिहिला गेला. शार्ङ्गदेवाचा आजा काश्मीरहून दक्षिणेत आला होता. नातू यादवांच्या दरबारात हिशेबाच्या कामावर होता, आणि त्याने रागांचा जो हिशेब मांडला त्यात दोनशे चौसष्ट राग भरले. हिशेबनिसाने केलेले संगीताचे काम इतके टिकावे, याचा आनंद कारकुनी पेशाच्या सर्व वाचकांनी मानावा.

सोळाव्या शतकात पुंडरीक विठ्ठल हा पंडित कर्नाटकातून उत्तरेकडे आला आणि खानदेशच्या फारुकी सुलतानांच्या राज्यात, बुर्‍हाणखानाच्या आश्रयाला राहिला. त्याचा 'सद्रागचंद्रोदय' तेथला. पुढे १५७६ मध्ये त्याने 'रागमाला' याच नावाचा ग्रंथ लिहिला आणि त्यात रागांना भार्या आणि पुत्र देऊन त्यांच्या मूर्तींची वर्णने केली. त्याच सुमारास विजापूरला दुसरा इब्राहीम आदिलशहा गादीवर आला. राज्यकर्ता म्हणून त्याची कारकीर्द १५८० ते १६२७. पण त्याचा जीव खरा गाण्यात. त्याने दखनी भाषेत 'किताबे नौरस' रचली, तीतली पदे रागवारीने लावलेली आहेत आणि काही ठिकाणी रागच माणसासारखे समोर उभे केले आहेत. देवगिरी, खानदेश आणि विजापूर अशा तिन्ही बाजूंनी रागांना हातपाय फुटत होते. मग मधल्या मुलुखात चित्रकार नसतील असे कसे होईल?

चित्रकार होते. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात 'तारीफे हुसेनशाही' नावाची एक फारसी पोथी आहे. आफताबी नावाच्या कवीने अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) हुसेन निजामशहाची ही स्तुती लिहिली. जानेवारी १५६५ मध्ये विजयनगरविरुद्ध तालिकोटची जी लढाई झाली तिचे वर्णन तीत आहे. त्याच पोथीत हुसेनशहाच्या आणि खुंजा हुमायूनच्या लग्नाचे कौतुक आहे, राणीच्या रूपाचे वर्णन आहे, आणि चित्रेही आहेत. तलवार आणि कुंचला एकाच पोथीच्या पानांत!

ती चित्रे पाहताना दोन गोष्टींनी मला थांबविले. पहिली दुःखाची. सुलतानाच्या शेजारी बसलेली राणी बहुतेक चित्रांतून कोणी तरी पुसून टाकली आहे. हुसेनशहा त्याच वर्षी वारला. मुलगा लहान असताना राणीने राज्य चालविले, आणि मुलाने १५६९ मध्ये तिला कैदेत टाकले. राज्यातून ती गेली आणि कागदावरूनही गेली. दुसरी गोष्ट आनंदाची. एका चित्रात एक स्त्री झाडाला स्पर्श करते आहे आणि त्या स्पर्शाने झाड फुलले आहे. हा आपला जुना दोहद. कालिदासाच्या अशोकापासून तो आपल्या ओळखीचा. फारसी पोथी, मुसलमान सुलतान, आणि झाडाला फुलविणारी ही बाई मात्र आपल्या लेण्यांतून आणि देवळांच्या खांबांवरून उतरून आलेली. रागिणींना जन्म द्यायला ज्या हवेची गरज असते ती हवा या चित्रात आहे.

आणि रागिणी जन्मल्याही. सोळाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत रंगविलेली एक दख्खनी रागमाला आहे. तिची सुटी पाने बिकानेरच्या राजसंग्रहातून प्रकाशात आली. चित्राच्या माथ्यावर नागरी अक्षरांत संस्कृत श्लोक आहे. खाली बायका आहेत त्या उंच, डौलदार, अंगात चोळी, खांद्यावरून घेतलेला पदर. जाणकारांनी कोणी या चित्रांना अहमदनगरची म्हटले, कोणी सावधपणे नुसते उत्तर दख्खनची म्हटले. सुलतानाच्या पदरी असलेल्या एखाद्या हिंदू सरदाराने ती करवून घेतली असावीत, असेही मत मांडले गेले आहे. आम्हा वैदर्भीयांनी यात एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १५७४ मध्ये निजामशहाने इमादशाही बुडविली आणि वऱ्हाड जिंकले; १५९६ मध्ये चांदबिबीला ते मोगलांना द्यावे लागले. ही चित्रे ज्या वर्षांतली, त्या वर्षांत अचलपूर आणि गाविलगड त्याच राज्यात होते.

या संचातला हिंडोल आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. झोपाळ्यावर बसलेला नायक आणि भोवती बायका. हिंडोल म्हणजेच झोका. मी त्या चित्रापुढे उभा राहिलो तेव्हा मला वर्गातले माझे ते टाळीचे वाक्य आठवले आणि फार लाज वाटली.

ही पाने बिकानेरला कशी गेली असतील याची कल्पना करणे कठीण नाही. बिकानेरचे राजे मोगलांचे सरदार म्हणून पिढ्यान्‌पिढ्या दक्षिणेत मोहिमांवर होते. औरंगाबादचे (आजच्या छत्रपती संभाजीनगरचे) करणपुरा हे त्यांच्यापैकीच करणसिंहाच्या नावाचे. किल्ले पडतात तेव्हा पोथ्याही हलतात. आपण दिवाळीला लेकींची वाट पाहतो, भाऊबीजेला त्या माहेरी येतात. या लेकी सासरी गेल्या त्या गेल्याच. सासरच्यांनी त्यांना जिवापाड जपले, हे कबूल केले पाहिजे. इकडे राहिल्या असत्या तर त्यांचे काय झाले असते, कोण जाणे. परंतु माहेरच्यांनी त्यांचे नावही विसरावे, आणि आमच्या घरी मुलगी झालीच नाही असे एका शिक्षकाने वर्गात सांगावे, हे काही बरे नव्हे.

आता वळतो नागपूरकडे. येथे दोन साक्षी आहेत. पहिली फार जुनी आहे. नागपूरहून रामटेक जेमतेम पन्नास किलोमीटर. कालिदासाचा यक्ष ज्या रामगिरीवर राहिला तो रामगिरी म्हणजे आमचे रामटेक, हे मत डॉ. वा. वि. मिराशींनी आयुष्यभर हिरिरीने मांडले. त्या यक्षाने मेघाला आपल्या पत्नीचे जे वर्णन सांगितले ते आठवून पाहावे. मळक्या वस्त्रातली ती मांडीवर वीणा घेऊन बसली आहे. त्याच्या नावाचे गाणे गायचे आहे. तारा आसवांनी भिजतात, त्या ती पुसते, आणि स्वतःच बांधलेली मूर्च्छना पुनःपुन्हा विसरते. रागमालेच्या कोणत्याही संचातली विरहिणी रागिणी काढा; तीच बैठक, तीच वीणा, तोच दूरदेशी गेलेला नायक. पहिली रागमाला रंगविली जाण्यापूर्वी हजार-अकराशे वर्षे ती शब्दांत रंगवून झाली होती. तिचा नवरा तेव्हा रामटेकच्या टेकडीवर ढगाकडे पाहत उभा होता.

दुसरी साक्ष अलीकडची, आणि माझ्या दृष्टीने अधिक झोंबणारी. नागपूरकर भोसल्यांचे नाव काढले की आपल्याला बंगालवरच्या स्वाऱ्या आणि कटकपर्यंतची चौथाई आठवते. परंतु त्यांच्या राज्यात सचित्र पोथ्यांची परंपराही होती. दुसऱ्या रघुजीच्या अमदानीत, १७८९ साली, शकुंतलेच्या कथेची एक सचित्र हस्तलिखित पोथी तयार झाली. ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ती कुठे तयार झाली, तर हिंगणघाटला!

ही पोथी म्हणजे रागमाला नव्हे, हे मला समजते. पण वर्गातल्या त्या मुलीने नेमके काय विचारले होते? आपल्याकडे कोणी अशी चित्रे काढली नाहीत का? आणि मी तिला हसण्यावारी नेले. ज्या गावच्या स्टेशनावरून ती रोज सकाळी गाडीत बसत होती त्याच गावी दोनशे वर्षांपूर्वी कोणी तरी दुष्यंताचे घोडे आणि कण्वाच्या आश्रमातली हरणे रंगवीत होता. तोडीच्या चित्रातली हरणे मी तिला राजस्थानची म्हणून दाखविली. तिच्या गावच्या हरणांची मला वार्ताही नव्हती.

येथपर्यंत चित्रांचे झाले. आता माझ्या गायनमास्तरांचे म्हणणेही सांगितले पाहिजे, नाहीतर हा लेख एकतर्फी होईल. महालातल्या एका वाड्याच्या माडीवर त्यांची शिकवणी होती. ते पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचे कट्टर अनुयायी. भातखंडे (१८६० ते १९३६) १९०७ च्या पूर्वेकडील प्रवासात नागपूरलाही येऊन गेले होते. त्या गोष्टीचा अभिमान मास्तरांना असा होता की जणू ते त्यांच्याच माडीवर उतरले होते. मी एकदा मास्तरांना रागमालेची चित्रे नेऊन दाखविली. त्यांनी ती एकेक करून पाहिली, पत्त्यांसारखी पिसून परत दिली आणि म्हणाले, "छान आहेत. यातला कोणता स्वर कोमल आहे ते सांग पाहू."

मास्तरांचा टोला अगदी वर्मी होता. भातखंड्यांच्या आधी शंभर वर्षे, १८१३ मध्ये, पाटण्याच्या मुहम्मद रझाने 'नगमाते आसफी' या ग्रंथात हीच तक्रार केली होती, की या नवऱ्यांचा आणि त्यांच्या बायकांचा स्वरांनी काही संबंध जुळत नाही. भातखंड्यांनी देशभर हिंडून, उस्तादांकडून चिजा मिळवून, जुने ग्रंथ तपासून राग-रागिणींचे हे कुटुंब मोडले आणि सारे राग दहा थाटांत वाटून दिले. स्वरांवरून कूळ ठरवावयाचे, पंडिताच्या श्लोकावरून नव्हे. शास्त्र म्हणून ते योग्यच झाले. वेळेचा नियम मात्र त्यांनी जपला. पहाटेचे राग पहाटेचेच राहिले.

पण या वाटणीत घरातले मानपान कसे उलटले ते पाहण्यासारखे आहे. सहा कर्त्या पुरुषांपैकी एकटा भैरव आपल्या नावाचा थाट राखू शकला. श्री पूर्वी थाटात गेला, मेघ काफीत गेला, हिंडोल कल्याणात. आणि पूर्वी ज्या भार्या म्हणून एका कोपऱ्यात होत्या त्या भैरवी, तोडी आणि आसावरी आपापल्या नावाच्या थाटांच्या मालकिणी झाल्या. मालकंसाची तर मोठीच पंचाईत. जुन्या एका यादीप्रमाणे तोडी ही त्याची भार्या; तिने वेगळे घर केले, आणि तो स्वतः भैरवीच्या घरी राहायला गेला. ती भैरवी, म्हणजे भैरवाची बायको! कोणत्याही संगीत नाटकात इतका गोंधळ नाही.

मास्तरांच्या प्रश्नाचा मी नंतरही पुष्कळ विचार केला. चित्रावरून स्वर कळत नाही, हे खरे. मग दख्खनच्या त्या चित्रकाराने जो हिंडोल रंगविला तो कोणता? आमच्या हिंदुस्थानी पद्धतीतला तीव्र मध्यमाचा हिंडोल निराळा. आणि कर्नाटक पद्धतीत ज्याला हिंदोळ म्हणतात त्याचे स्वर ऐकले तर आमचा श्रोता म्हणतो, हा तर मालकंस! तोडीचेही तसेच. कर्नाटकातली तोडी ऐकली की आपल्या कानाला भैरवीचे स्वर लागतात. नावे राहिली आणि सुरावटी बदलल्या. सुरावटी राहिल्या आणि नावे बदलली. दख्खन हा तर या दोन्ही पद्धतींच्या शिवेवरचा प्रदेश. त्या झोपाळ्यावरच्या नायकापुढे कोणते स्वर वाजत होते हे चित्र काही सांगत नाही.

चित्र सांगते ते दुसरेच. रात्र संपू नये असे वाटणारा एक माणूस. निघताना मागे वळून पाहणारा दुसरा. हरणांना आपले दुःख सांगणारी एक बाई. गाणे ऐकताना आपल्याला जे वाटते, ते चारशे वर्षांपूर्वी ऐकणाऱ्यालाही वाटत होते, याचा हा कागदावरचा पुरावा आहे. गायकाचा सूर त्याच्याबरोबर गेला. त्या काळी तो साठवून ठेवण्याचे यंत्र नव्हते. ऐकणाऱ्याचे मन तेवढे या पानांवर उरले आहे. मास्तर आज असते तर मी त्यांना एवढेच म्हणालो असतो, की कोमल स्वर यात दाखविता येत नाही, पण तो लागल्यावर श्रोत्याच्या चेहऱ्यावर काय उमटते ते यात आहे. त्यांनी मान हलविली असती की नाही, सांगता येत नाही. ते सहसा हलवीत नसत.

शेवटी, दिवाळीचा अंक आहे म्हणून, दीपकाविषयी. तानसेनाने दीपक गायिला आणि दिवे आपोआप पेटले, त्याच्या अंगाची आग झाली आणि मग मेघमल्हाराने ती विझविली, ही कथा घरोघरी ठाऊक आहे. राग म्हणून दीपक आज मैफलीत क्वचितच ऐकू येतो. ग्रंथांत त्याची एकाहून अधिक रूपे दिली आहेत. गवई मात्र त्याच्या वाटेला फारसे जात नाहीत. पुष्कळजण तो लोपला असेच मानतात. चित्रांत मात्र दीपक कधी विझला नाही. रागमालेच्या संचांमागून संच पाहावे. रात्रीची वेळ आहे, नायक-नायिका बसली आहेत, भोवती समया जळत आहेत, आणि कुठे कुठे तर नायकाच्या माथ्यावरच ज्योत आहे. गाणे हरवले आणि दिवा राहिला.

माझी ती विद्यार्थिनी आज स्वतः शाळेत शिकविते. गेल्या वर्षी दिवाळीत ती मुलांना घेऊन नागपूरला आली तेव्हा मी तिला हिंगणघाटच्या पोथीची हकीकत सांगितली आणि जुन्या उत्तराबद्दल माफी मागितली. तिला तो प्रसंग आठवतच नव्हता. ती म्हणाली, "सर, मी असं काही विचारलं होतं?" मग थोडा वेळ गप्प बसून तिने विचारले, "त्या पोथीतली चित्रं हिंगणघाटला कुणी पाहिलीत का हो?"

या प्रश्नाला टाळीचे वाक्य मला सुचले नाही. दिल्लीला पत्र लिहून त्या चित्रांच्या छापील प्रती मागवाव्यात आणि तिच्या शाळेच्या भिंतीवर लावाव्यात, असे आम्ही दोघांनी ठरविले आहे. पत्राचा मसुदा तिने केला आहे. शुद्धलेखन तपासण्याचे काम तिने माझ्याकडे दिले आहे.